चार सुरांची जागा

धाकटीनं गुडघे टेकून गाण्याचे शब्द दाखवणारा छोटा पडदा वीतभर डावीकडे सरकवला, त्यावर अर्धवट काळं कापड टाकलं आणि माईकपाशी जाऊन, टाचा उंचावून, दादाच्या उंचीवरून खाली पाहिलं. अक्षरं दिसत होती. 'तळघर' या त्यांच्या अल्बममधल्या सगळ्या गाण्यांचे शब्द तिनं रेकॉर्ड ऐकून ऐकून उतरवून घेतले होते, कारण दादानं ते कधी कागदावर उतरवलेच नव्हते. सगळं डोक्यात. आणि आता त्या डोक्याचाच भरवसा राहिला नव्हता.

"त्यानं विचारलं हे काय, तर?" मास्तरांनी ड्रमचा पेच आवळता आवळता विचारलं.

"सांगायचं, आवाजाचं काहीतरी यंत्र आहे."

"तो काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मास्तर, तुम्ही ठेका सांभाळा. बाकीचं माझ्यावर सोडा."

मास्तर पुन्हा पेचाकडे वळले. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी या टोळक्यात ड्रम बडवायचे. नाव तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. पलीकडे लांब्या बासच्या तारा लावत होता. त्यानं मान वर केली नाही, पण ऐकत होता हे त्याच्या पाठीवरून कळत होतं. दोघांनाही धाकटीनं सगळं सांगितलं होतं. वेगवेगळं गाठून, 'कुणाला बोलू नका' असं बजावून. मग साउंडवाल्याला सांगावं लागलं, पडद्यासाठी. आणि पडदा कशाला म्हणून कार्यक्रमवाल्या बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनाही. एकाला सांगितलं की दुसऱ्याला सांगावंच लागतं, त्याला ती तरी काय करणार?

'तळघर'ला तिशी उलटून गेली होती. त्या काळी रॅप करणारी बाकीची पोरं जुन्या रेकॉर्डमधला एखादा तुकडा उचलून मशीनवर गरागरा फिरवायची आणि त्यावर बोलायची. यांनी एका शिंप्याच्या दुकानाखालच्या तळघरात बसून सगळं हातानं वाजवलं. "मशीन परवडत नव्हतं, म्हणून माणसं घेतली," असं दादा कुणी विचारलं की सांगायचा, आणि मास्तर प्रत्येक वेळी तितकेच चिडायचे. तोच ठेका, तीच बासची चाल, घाण्याच्या बैलासारखी गोल गोल. पण या बैलांना एक गोष्ट यायची जी मशीनच्या बापाला येत नव्हती: थांबून राहणं. दादाला दम घ्यायचा असला, नाहीतर एखादी ओळ नीट चघळायची असली, की तो डावं कोपर जरासं वर उचलायचा. लगेच मास्तर, लांब्या आणि कीबोर्डवरची धाकटी आणखी एक फेरी मारायचे. दुसऱ्यांदा कोपर, दुसरी फेरी. ऐकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. अल्बमवर अशा दोन फेऱ्या आहेत आणि त्या मुद्दाम घातल्यात असं जाणकार लोक छातीठोकपणे लिहीत आले आहेत.

वहिनी गेल्यावर दादा धाकटीकडे राहायला आला. आधी किल्ल्या हरवल्या, मग चष्मा. ते कुणाचं हरवत नाही? पण एकदा भाजी आणायला गेला आणि तिच्याच गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं फोन केला, "धाकटे, आपलं घर कुठल्या अंगाला गं?" हसत विचारलं होतं, पण धाकटीच्या हातातला झारा तिथंच राहिला. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे. दादानं डॉक्टरांच्या कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि वाटेत उसाचा रस घेऊया का म्हणाला. त्या विषयावर पुढे चकार शब्द नाही. आणि अशात हे निमंत्रण आलं: अख्खा अल्बम, पहिल्यापासून शेवटापर्यंत, भरल्या सभागृहात. नाही म्हण, म्हणून ती त्याच्या मागे लागली होती. तो ऐकेल तर दादा कसला!

चार वाजता दादा आला. नवा शर्ट, खांद्यावर टॉवेल. कार्यक्रमवाल्या बाई लगबगीनं पुढे झाल्या आणि त्याचा हात हातात घेऊन, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "काका, इथं... पायरी... आहे. घाबरायचं... नाही. आम्ही सगळे... आहोत."

दादानं पायरीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि मग सावकाश धाकटीकडे. धाकटीनं कीबोर्डची वायर तपासायला मान खाली घातली. कानशिलं तापली होती. एवढ्यासाठी सांगितलं होतं का यांना?

"सगळे आहात ना?" दादा बाईंना म्हणाला. "मग बरं झालं. नाहीतर मी एकटाच चढलो असतो."

साडेसहाला रंगमंचाचा मोठा पडदा वर गेला. सभागृह खच्चून भरलं होतं. मास्तरांनी काठ्या आपटून मोजलं, लांब्या आत शिरला आणि दादानं माईक हातात घेतला. पहिली ओळ म्हणता म्हणता खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं आणि टॉवेल खाली टाकला. बरोब्बर पडद्यावर.

धाकटीचं धाबं दणाणलं. मुद्दाम टाकला की पडला? तिनं साउंडवाल्याकडे पाहिलं. त्यानं लांबूनच हात पसरले. आता काय, रंगमंचावर रांगत जाऊन टॉवेल उचलायचा?

पहिलं गाणं पार पडलं. दुसरं. तिसऱ्यात दादानं एका ओळीत 'परवा'च्या जागी 'काल' म्हटलं आणि तिच्या काळजाचा ठोका चुकला, पण गाणं पुढे निघून गेलं होतं. ती आता स्वतःचं वाजवतच नव्हती म्हटलं तरी चालेल. बोटं सवयीनं फिरत होती आणि डोळे दादाच्या ओठांना चिकटले होते. त्याच्याआधी अर्धा शब्द ती मनातल्या मनात म्हणत होती. म्हण, म्हण, पुढचा म्हण. तो म्हणायचा, आणि ती श्वास सोडायची.

मग आलं 'जिना', अल्बममधलं सगळ्यात लांब गाणं. तिसऱ्या कडव्याला लोक जीव टाकतात. ते कडवं नुसत्या ड्रम आणि बासवर आहे, कीबोर्ड बंद. कडवं संपलं की सगळे एकदम थांबतात आणि त्या शांततेत धाकटीचे चार सूर पडतात. चारच. त्या चार सुरांसाठी लोकांनी ती रेकॉर्ड झिजवली होती.

आणि हेच कडवं घरी दादा तीनदा विसरला होता. दोनदा अर्ध्यावर, एकदा पहिल्याच ओळीला.

धाकटीनं हात मांडीवर घेतले, घट्ट आवळले. दादानं डोळे मिटले आणि सुरू केलं. ती ओठ हलवत त्याच्या पुढे पुढे धावत होती. अर्धं झालं. ज्या ओळीवर तो घरी अडायचा ती ओळ आली. तो अडला नाही. पुढची. त्याच्या पुढची. आता तीनच राहिल्या. दोन. देवा, एकच! शेवटचा शब्द खणखणीत पडला, मास्तर आणि लांब्या एकदम थांबले, आणि धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हटलं! सगळं म्हटलं त्यानं!

सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ती शांतता जरा लांबली. मग आणखी लांबली. कुणीतरी खाकरलं. आणि धाकटीला दिसलं की सगळे तिच्याकडे बघताहेत, आणि तिचे दोन्ही हात अजून मांडीवरच आहेत.

हात उचलले, तर कुठली पट्टी तेच आठवेना. आयुष्यभर वाजवलेले चार सूर! समोर नुसत्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, जणू दुसऱ्याच कुणाच्या.

दादाचं डावं कोपर वर गेलं.

मास्तरांनी ठेका उचलला, मागोमाग लांब्या. एक फेरी. दादा माईकमध्ये म्हणाला, "एवढ्या लवकर सोडतोय होय तुम्हाला? पुन्हा ऐका." लोक खदखदून हसले, टाळ्या पडल्या. त्यानं शेवटच्या चार ओळी पुन्हा म्हटल्या, सावकाश, चवीनं, आणि म्हणता म्हणता चालत तिच्या कीबोर्डपाशी येऊन उभा राहिला. तिच्याकडे बघितलं नाही. कोपर अजून वरच होतं. दुसरी फेरी सुरू झाली. तिच्या बोटांना धीर आला, पट्टी सापडली. तिनं मान हलवली तेव्हाच त्यानं कोपर खाली घेतलं. सगळे थांबले, आणि चार सूर पडले.

कार्यक्रमानंतर आतल्या खोलीत कार्यक्रमवाल्या बाई धावत आल्या. "मध्ये काय झालं हो? मला वाटलं, काकांना..." आणि त्या अडखळल्या.

"काय व्हायचंय?" दादा खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत होता. "ठरवून ठेवलेलं होतं ते. आवडलं ना लोकांना?"

"हो, खूपच."

"मग झालं तर."

बाई गेल्या. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. दादानं दुसरा बूट काढला, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"विसरलीस ना गं?"

तिनं मान हलवली.

"होतं असं," दादा म्हणाला. "जीव नको जाळूस. माझ्याकडून हे कुठं जायचं नाही. मास्तरांना नाही, लांब्याला नाही. कुणालाच नाही."

दाराबाहेर मास्तर आणि लांब्या कधीचे उभे होते, आणि आत यावं की नाही हे एकमेकांना खुणेनं विचारत होते.