भिंगरीचे बूट

भिंगरीला बूट घालायला शिकवायचं काम ताईने अंगावर घेतलं, तेव्हा तिला ते अगदी डाव्या हाताचं वाटलं होतं. का वाटू नये? बारा वर्षं ती हेच करत आली होती. स्वमग्न मुलांना रोजच्या गोष्टी शिकवायच्या. दात घासणं, रांगेत थांबणं, केस कापून घेणं, हवं ते मागून घेणं. मोठ्या कामाचे बारीक तुकडे पाडायचे, एकेक तुकडा जमला की मुलाला आवडतं ते काहीतरी द्यायचं आणि सगळं तक्त्यावर मांडून ठेवायचं. ताईचे तक्ते केंद्रात गाजलेले होते. कुठलं मूल अडून बसलं की बाकीच्या म्हणायच्या, ताईकडे द्या, सुतासारखं सरळ होईल. हे ऐकायला ताईला आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला.

केंद्र म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि एक बोळ. एका खोलीत ताई, दुसरीत मुलांना बोलायला शिकवणारी तिची मैत्रीण, आणि बोळातल्या बाकावर आपापल्या मुलांची वाट बघणारी माणसं. भिंगरीला तिचे आजोबा घेऊन यायचे, आईचे वडील. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. डोळे अधू झाले म्हणून दुकान बंद केलं, पण खिशात मापाची पट्टी अजून असायची. भिंगरी सहा वर्षांची. बोलायची नाही. खूश झाली की खोलीच्या मधोमध उभी राहून गरागरा फिरायची, म्हणून भिंगरी.

घोडं अडलं होतं ते शाळेपाशी. जवळच्या शाळेत एकच जागा रिकामी होती आणि शाळेच्या मोठ्या बाई महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मुलीला बघायला येणार होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वर्गात बूट लागतात आणि वीस मिनिटं खुर्चीवर बसता आलं पाहिजे. भिंगरीची आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लेकीसाठी सारखं लवकर निघावं लागायचं, म्हणून तिला दोनदा समज मिळाली होती. तिसऱ्या वेळेला समज मिळत नाही, घरी बसवतात. शाळा मिळाली तरच नोकरी टिकणार, इतकं ते साधं होतं.

पहिल्या दिवशी भिंगरीने उजवा बूट काढून भिरकावला तो थेट ताईच्या चहाच्या कपात. ताई हसली, टेबल पुसलं आणि विचार केला. बूट घातला की ही रडते, रडली की कुणीतरी बूट काढतं, म्हणून ही रडते. गणित सुटलं! तिने ठरवून टाकलं की रडण्याला आता उत्तर द्यायचं नाही. गप्प बसली की साबणाचे फुगे उडवायचे, भिंगरीचा त्यांच्यावर फार जीव. घरीही हेच करा, असं तिने आईला बजावलं. रडली तरी तिच्याकडे बघू नका, म्हणाली. आईने ते तंतोतंत पाळलं. लेक रडायला लागली की ती मोरीकडे तोंड करून उभी राहायची आणि नळ सोडायची.

बूट घालून न रडता एक मिनिट झालं, तीन झाली, सात झाली. बाराव्या दिवशी भिंगरी पायात बूट घालून वीस मिनिटं बसली आणि एकदाही रडली नाही. आलेख जिन्यासारखा वर गेलेला. केंद्राच्या मुख्य बाईंनी तो पाहिला आणि फर्मावलं की पुढच्या महिन्यात नव्या मुलींचा वर्ग आहे, त्यात हा दाखव. ताईची छाती अशी फुगली की विचारू नका. आई तर जिन्यातच रडली, आनंदाने.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी दारावर टकटक केलं. दाराला काच होती आणि म्हातारा रोज तिच्यातून आत बघत बसायचा. आत येऊन आधी त्यांनी माफी मागितली, तुमच्या कामात लुडबुड करायची नाही म्हणाले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक बोलत नसलं ना ताई, की त्याच्या खांद्याकडे बघायचं. आमची भिंगरी उजवा खांदा उचलून बसते. तिला कुठेतरी दाटतंय."

ताईला आतून थोडा रागच आला. आता शिंपी मला माझं काम शिकवणार! पण म्हाताऱ्याचा मान राखायला म्हणून ती वाकली आणि तिने उजवा बूट काढला. मोजा अंगठ्याला चिकटला होता. तो हळूहळू सोडवावा लागला. नख काळंनिळं पडलं होतं आणि टाचेचं सालटं निघालं होतं. भिंगरी रडली नाही. तिने पाय ओढूनही घेतला नाही. ती खिडकीकडे बघत होती आणि तिने हात पुढे केला होता, फुग्यांसाठी. वीस मिनिटं झाली होती ना.

ताईने बूट त्या पावलाशेजारी धरून बघितला. बूट एक माप लहान होते. भिंगरी पायाचं माप घेऊ देत नाही, म्हणून आईने जुन्या चपलेवरून अंदाजाने आणले होते. त्यात आईचा काय दोष? पण ताईचं काय? नव्या मुलींना ती पहिल्याच तासाला काय शिकवायची? मूल कशाला नको म्हणत असेल तर आधी त्याचं अंग तपासा. दात दुखतोय का, कान दुखतोय का, कपडा टोचतोय का, बूट चावतोय का. तक्ता नंतर. हे ती बारा वर्षं घोकून घेत आली होती आणि स्वतः मात्र शुक्रवारच्या घाईत, सुटलेल्या गणिताच्या तोऱ्यात सपशेल विसरली होती. पोरगी शिकली वगैरे काही नव्हती. सांगून सांगून थकली होती, एवढंच.

संध्याकाळी आई आली. बूटच चुकीचे निघाले, एवढं म्हणून ताईला सुटता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. तिने तसं केलं नाही. आईला खुर्चीत बसवलं, मोजा दाखवला आणि चूक माझी आहे, मी आधी पाय बघायला हवा होता, असं सांगितलं. आई त्या मोज्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

"तुम्ही म्हणालात, बघू नका," आई म्हणाली. "मी बघितलं नाही."

ताईने मोजा उचलून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला.

मग पुढचं बोलणं झालं. आता बूट बाजूला ठेवू आणि भिंगरीला आधी एकच गोष्ट शिकवू, नको म्हणायची, असं ताईने सुचवलं. नको म्हटलं की काम तिथल्या तिथे थांबणार, कुणीही असो, काहीही असो. आईने विचारलं, आणि शुक्रवार? आठच दिवस राहिलेत. ताई म्हणाली, माहीत नाही, शब्द देत नाही. आईने पर्स खांद्याला लावली आणि करा म्हणाली. पण खुशीने म्हणाली नाही, हे ताईला कळलं.

ताईने तळहाताएवढं एक कार्ड केलं, कोपरे कापून गोल केले आणि त्यावर उघडा पंजा काढला. भिंगरीला ओला स्पंज आवडत नसे. ताई तो पुढे करायची, भिंगरी हाताने ढकलायची, आणि त्या ढकलणाऱ्या हातासमोर ताई कार्ड धरायची. हात कार्डाला लागला रे लागला की ताई म्हणायची, नको, बरं, आणि स्पंज बाजूला. तिसऱ्या दिवशी भिंगरीने आपणहून कार्ड उचलून ताईच्या हातात ठेवलं. ताईचा जीव भांड्यात पडला.

पण खरी गंमत पुढेच होती. हे कार्ड चालतं असं एकदा कळल्यावर भिंगरीने ताईच्या नाकी नऊ आणले. खुर्ची नको. ठोकळे नको. ताईचं गाणं नको, त्यावर पलीकडच्या खोलीतून मैत्रीण म्हणाली की पोरीला कान आहेत बाई. एका तासात एकेचाळीस वेळा नको! आणि एकेचाळीस वेळा ताई थांबली. मुख्य बाई येऊन बघून गेल्या आणि त्या आलेखाचं काय करायचं म्हणून विचारलं. दाखवणार आहे, ताई म्हणाली, मोज्यासकट दाखवणार आहे. मग हळूहळू नको कमी झाले. हवं तेव्हा थांबता येतं म्हटल्यावर भिंगरी बसायला लागली, ठोकळे रचायला लागली. फक्त ताई खाली वाकली की ती दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घ्यायची. ताईला ते फार लागायचं. तिला ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

बूट आजोबांनीच शिवायला घेतले. जाड मऊ कापड, आत अस्तर, खाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तळ. पहिल्यांदा नुसते कच्चे टाके घालायचे, भिंगरीच्या पायापाशी न्यायचे आणि पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना विचारलं तसं विचारायचं, कुठे दाटतंय का? मध्ये कार्ड ठेवलेलं. भिंगरीने कार्ड दिलं की म्हातारा बिचारा टाके उसवून पुन्हा बसायचा. अकरा वेळा उसवले. आयुष्यात इतकं चोखंदळ गिऱ्हाईक बघितलं नाही म्हणायचा आणि सुईत दोरा ओवून मागायला ताईकडे यायचा. गुरुवारपर्यंत डावा बूट पुरा झाला. उजवा कच्च्या टाक्यांवरच राहिला.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या. गळ्यात दोरीचा चष्मा, हातात वही. बाई वाईट नव्हत्या, दिवसभरात अशी चार मुलं बघायची होती त्यांना. भिंगरी खुर्चीवर बसली. एका पायात देखणा निळा बूट, दुसऱ्या पायात पांढरे दोरे लोंबणारा. आई भिंतीला टेकून उभी होती आणि घड्याळावरून तिची नजर हलत नव्हती. पाच मिनिटं झाली, सात झाली. ठोकळ्यांचा मनोरा उंच चालला होता. नवव्या मिनिटाला मोठ्या बाई मायेने वाकल्या आणि लोंबणारा दोरा नीट करायला त्यांनी त्या उजव्या बुटाला हात लावला.

भिंगरीने कार्ड टेबलावर ठेवलं, ताईसमोर.

ते फक्त ताईने पाहिलं. मोठ्या बाई दोऱ्यात गुंतल्या होत्या, आई घड्याळात. अकरा मिनिटं राहिली होती. ताईला पक्कं ठाऊक होतं की आपण कार्ड दिसलंच नाही असं केलं आणि फुगे उडवले तर भिंगरी बसेल. निमूट बसेल, अकराच काय, वीस मिनिटंही बसेल. ते तर आपणच शिकवलंय तिला. शाळा मिळेल, आईची नोकरी राहील, आणि कुणाला कळणारही नाही. तिचा हात सवयीने फुग्यांच्या डबीकडे गेलासुद्धा. तिथेच तिला स्वतःची लाज वाटली.

"भिंगरी नको म्हणतेय," ताई म्हणाली. "आपण थांबू या."

मोठ्या बाईंनी चटकन हात मागे घेतला. भिंगरीने उजवा बूट काढून टेबलावर ठेवला, ठोकळ्यांच्या शेजारी, आणि खोलीच्या मधोमध जाऊन दोन गिरक्या घेतल्या. आईने डोळे मिटले.

मग ताईने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, काळ्या नखापासून एकेचाळीस नकारांपर्यंत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या की या सत्रात जागा देता येणार नाही, नियम सगळ्यांना सारखा. पुढच्या सत्राआधी तीन महिन्यांनी मी परत येईन, बूट घरचे असले तरी चालतील. उठताना त्यांनी असलं एक कार्ड वर्गातल्या बाईंसाठी करून ठेवायला सांगितलं. आईचा चेहरा पडला होता. तीन महिने तिलाच कसेबसे काढायचे होते. मोठ्या बाईंना सोडायला खाली जाताना ती दारात थांबली.

"तुम्ही बघितलंत ते बरं झालं," ती ताईला म्हणाली. "मी घड्याळ बघत होते."

खोली रिकामी झाली. आजोबा बोळात सुया गोळा करत होते. ताई ठोकळे आवरायला जमिनीवर बसली आणि तिला एकदम रडू कोसळलं. बरोबर वागून एका बाईची नोकरी आपण टांगणीला लावली, असं तिला वाटत होतं, आणि ते काही खोटं नव्हतं.

भिंगरीच्या गिरक्या थांबल्या. ती येऊन ताईच्या समोर बसली, थोडी तिरकी, खिडकीकडे तोंड करून. मग तिने उजवा पाय उचलला, उघडा, अर्धं नख अजून निळं असलेला, आणि ताईच्या मांडीवर ठेवला.

ताईने डोळे पुसले. हळूच हात पुढे नेला आणि आजोबांच्याच सुरात विचारलं, "कुठे दुखतंय का गं?"

भिंगरीने टेबलावरचं कार्ड ओढून घेतलं आणि तिच्या हातात दिलं.

"नको. बरं," ताई म्हणाली आणि हात मागे घेतला. आता पाय जाईल, असं तिला वाटलं.

पाय गेला नाही. तिथेच राहिला, मांडीवर, पूर्ण वजन टाकून. खालून आईने निघायची हाक मारली, बोळातून आजोबाही दोनदा खाकरले, पण ताई हलली नाही. दोन्ही हात जमिनीला टेकून, पाय आपणहून निघेपर्यंत ती तशीच बसून राहिली.