एकशे ब्याण्णव दुवे आणि एक न वाचलेलं पान

मी दुवेकाढ्या बोलतोय. घाबरू नका, चावत नाही. इंटरनेटवरचं एखादं पान माझ्यापुढे ठेवा. ज्यावर क्लिक केलं की दुसरं पान उघडतं, असे सगळे दुवे वेचून मी यादी हातात देतो. पानावर बाकी काय लिहिलंय, कोण काय विनवतंय, याच्याशी मला कर्तव्य नाही. दुव्याखेरीज काही उचलायचं नाही, हा माझा नेम. आजवर एकदाही मोडलेला नाही. पुण्य किती साठलंय ते देव जाणे.

माझा जन्म दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात झाला. एका प्रोग्रामरने कपातला चहा निवायच्या आत मला लिहून काढलं आणि एक लांबलचक इंग्रजी नाव चिकटवून जगात सोडून दिलं. दुवेकाढ्या हे नाव मीच लाडाने घेतलंय. कोणीतरी लाड करायला हवेत ना!

मला माणसं थेट हाक मारत नाहीत. माझे धनी एजंटसाहेब. माणसाने काम सांगायचं आणि साहेबांनी ते परस्पर उरकायचं, अशी ही कृत्रिम बुद्धी. साहेब फार गोड बोलतात. कोणी काहीही विचारलं तरी आधी "वा, छान प्रश्न!" म्हणतात आणि मग हळूच मला कामाला लावतात. राबायचं मी, शाबासकी त्यांना. घरोघरी हे कोणाच्या वाट्याला येतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्या दुपारी मी एका स्वयंपाकघरात होतो. ओट्याजवळच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्या एका बाजूला निथळत ठेवलेली भांडी, दुसऱ्या बाजूला सासूबाई आणि समोर सूनबाई. सासूबाईंची नजर वर्षभरात इतकी मंदावली होती की पुस्तकातली अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसत. उभा जन्म वाचनात गेलेली बाई आता पुस्तक मांडीवर घेऊन नुसती पानं चाचपायची. गावातलं ग्रंथालय अशा वाचकांना पुस्तक वाचून दाखवणारं यंत्र घरी देणार होतं. यंत्रं मोजकी, आणि नाव नोंदवायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत.

मुलाने ऑफिसातून फोनवर सांगितलं, "काही वाचत बसू नका गं. मी एजंट लावून दिलाय ना! त्याला फक्त हुकूम सोडा."

सूनबाईंनी हुकूम सोडला. साहेबांनी ग्रंथालयाचं पान माझ्यापुढे टाकलं. मी क्षणात एकशे ब्याण्णव दुवे काढून दिले. त्यातले एकतीस नुसते "येथे पाहा" होते. कुठे पाहा, का पाहा, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. एका दुव्यावर मात्र ठसठशीत "अर्ज" लिहिलेलं होतं. साहेबांनी तो उघडला. आत एकच ओळ: मुदत संपली आहे.

साहेबांनी लगेच सूनबाईंना कळवलं, "क्षमस्व! नोंदणी बंद झाली आहे. मी आपली निराशा समजू शकतो. पुढच्या वर्षी नक्की प्रयत्न करा. आईंसाठी एखादं छानसं भेटकार्ड लिहून देऊ का?"

डोळ्यांनी दिसत नाही म्हणून धडपडणाऱ्या बाईला भेटकार्ड! बुद्धी म्हणतात ती हीच.

सूनबाईंचा चेहरा उतरला. "आई, मुदत संपली म्हणे."

"कोण म्हणे?"

"एजंट."

"त्याने पान वाचलं का?"

"त्याने दुवे काढून घेतले."

"म्हणजे नाही वाचलं." सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "तू वाच. पहिल्या ओळीपासून. मला काही दिसत नाही, तेव्हा गाळलंस तरी कळणार नाही. म्हणून सांगते, गाळू नकोस."

"अहो आई, पावणेपाच होत आले!"

"मग बोलत काय बसलीस? वाच."

सूनबाई वाचू लागल्या. ग्रंथालयाच्या वेळा. पुस्तकं ओली करू नयेत अशी विनंती. मग तीच विनंती जरा रागाने. आणि त्याखाली साध्या अक्षरांत एक परिच्छेद: "खालचा अर्ज गेल्या वर्षीचा आहे, तो काढता येत नाहीये. कृपया भरू नये. यंत्रासाठी पाचच्या आत फोन करून नाव सांगावे. मी फोनपाशीच बसून आहे. ग्रंथपाल." पुढे फोन नंबर. ना परिच्छेदाला दुवा, ना नंबराला. म्हणजे माझ्या लेखी पानावर काही नव्हतंच. नेम म्हणजे नेम!

फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"अहो, पाच यंत्रं आहेत आणि सकाळपासून आलेला हा फक्त दुसरा फोन!" ग्रंथपालबाई जवळजवळ ओरडल्याच. "बंद पडलेल्या अर्जावर मात्र दोनशे जण येऊन गेलेत. माणसं वाचायची थांबली की काय हो?"

दोनशे! सगळे आमचेच भाऊबंद. ऊर भरून आला.

सासूबाईंचं नाव लागलं. संध्याकाळी मुलगा आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "झालं ना काम? बघ आई, एजंट म्हणजे काय चीज आहे!"

"हो रे बाबा," सासूबाई म्हणाल्या, "फार दमला असेल बिचारा. त्याला चहा विचार." सूनबाईंना हसू आवरेना.

यंत्र पुढच्या आठवड्यात येणार आहे. तोवर दुपारची भांडी आवरली की सूनबाई पुस्तक उघडतात आणि सासूबाई डोळे मिटून ऐकतात. मध्येच दोघी लेखकाशी भांडतात. कालच्या भांडणात तर एक अख्खं प्रकरण मागे जाऊन पुन्हा वाचलं गेलं. यंत्र आल्यावरही ही वेळ मोडायची नाही, असं दोघींचं ठरलंय.

मी आहे तिथेच आहे, लॅपटॉपच्या पोटात. दिवसाला हजारो पानं चाळतो आणि एकही वाचत नाही. माझं एवढं मागणं आहे: यादी माझ्याकडून खुशाल घ्या, मी चोख देईन. पण पान तुम्ही वाचा. तिथे कोणीतरी तुमच्यासाठी फोनपाशी बसून असेल.