चौकातलं पाखरू

“चौकातलं कबूतर दाण्याकडे परततं, घराकडे नाही. जीव लावू नकोस, पोरी,” पलीकडच्या गल्लीतल्या एवेलियोकाकांनी बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं आणि आमच्या रेग्ला गावच्या चौकात सापडलेलं पिल्लू बाळाच्या पाळण्याशेजारी वाढवलं.

रविवारी काकांनी आपल्या शर्यतीच्या कबुतरांबरोबर त्यालाही दूरच्या हारुको गावाहून सोडलं. त्यांची एक लाडकी मादी आणि माझं पाखरू सोडून सारी तासाभरात परतली.

“माझी राणी येतेच आहे. तुझं भिकारडं कुठंतरी पाव टिपत बसलं असेल!”

तिसऱ्या दिवशी माझं आलं. शेपटी अर्धी उपटलेली, पण दाण्याची वाटी ओलांडून ते थेट पाळण्याच्या कठड्यावर बसलं. माझी मान ताठ झाली.

काकांची मादी अजून आलेली नाही. ते गच्चीवरून उतरत नाहीत, जेवतही नाहीत म्हणे. बाळाला ताप आहे, मला निघता येत नाही. तुम्ही त्यांच्याच गल्लीतून जाता ना, जरा वर गच्चीवर जाऊन त्यांना बघून याल का?