आपियाला पाठवलेले नमुने

नव्या चर्चचे खांब ओतायच्या दिवशी फुआतीनोने आम्हा महिला समितीच्या हाती लोखंडी साचे ठेवले. ही आमच्याच गावची पोर, आता राजधानीत, आपियात इंजिनीयर. तिच्या तोंडी सारखा एकच शब्द: संपीडन सामर्थ्य. म्हणजे काँक्रीट किती दाबलं की फुटतं, ते. साच्यात नमुने भरा, तिकडच्या यंत्रात दाबून बघते, म्हणाली आणि घाईत निघून गेली.

आता आपियाला, चार परक्या लोकांसमोर जायची वस्तू. ती का पोरांनी पाणी ओतून कालवलेल्या ढिगातली द्यायची? आमच्या अध्यक्षीणबाई सिनापाती म्हणाल्या, गावाची अब्रू आहे. मग आम्ही नदीची वाळू आणून चाळली, सिमेंट दुप्पट घातलं आणि नमुने असे गुळगुळीत केले की बघत राहावं.

निकाल आला, तो हवा त्याच्या दुप्पट. फुआतीनोने तो रविवारी प्रार्थनेनंतर वाचून दाखवला. छप्पर आठवड्याभरात चढवायचं ठरलं. जेवताना सिनापातींना राहवेना. दुप्पट सिमेंटचं कौतुक त्यांनी स्वतःच सांगून टाकलं.

फुआतीनोचा घास हातातच राहिला. "आणि खांबात?"

"खांबात नेहमीचंच. खांब कुठे आपियाला जायचे होते?"

"मावशी, नमुना म्हणजे आहेर नव्हे. जे खांबात, तेच साच्यात हवं. चूक माझी, मी नीट सांगितलंच नाही."

मेलं, तोंड कुठे लपवावं कळेना. खांबांना भोकं पाडून तिने तुकडे काढून नेले. ते यंत्रात हव्या त्याच्या निम्म्या दाबालाच फुटले. सगळे खांब पाडायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुआतीनोच्या गावातल्या घराच्या दारात सिनापाती गुडघ्यांवर बसलेल्या, डोक्यावरून घरातली सर्वांत भारी चटई पांघरून. आमच्याकडे हातून माणूस मेलं की क्षमा मागायला असं बसतात.

फुआतीनो धावत आली, चटई बाजूला करून म्हणाली, "उठा मावशी. कुणी मेलंय का?"

"छप्पर चढलं असतं तर? खाली आपलीच पोरं बसली असती."

आम्ही बाकीच्या कुंपणाशी उभ्या. उद्योग सगळ्यांचा होता, गुडघे मात्र त्यांच्या एकटीचे टेकले होते. आणि लाज अशी, की तरी आमच्यातली एकही पुढे गेली नाही.