अलीकडची बाजू

ओगराळ्याच्या दांड्याला कण्यांचा एक कण चिकटून वाळला होता. चिंतामणी तो नखानं खरवडत होता आणि तो निघत नव्हता—कालचा असावा, की परवाचा... की त्या दिवसाचाच, चार दिवसांपूर्वीचा? ओगराळं रोज घासलं जातं हे त्याला ठाऊक होतं, तरी मन ऐकेना. टेकडीच्या पायथ्याशी माणसं पळसाचे द्रोण हातात धरून ओळीनं उभी होती, आणि अन्नछत्राच्या हंड्यातून ज्वारीच्या कण्यांचा वास सुटला की सगळी ओळ नुसती मान वर करायची. बोलत कुणीच नव्हतं. संवत १९५६च्या, छप्पनच्या दुष्काळातला वैशाख होता. बोलायलाही अंगात काहीतरी लागतं.

तो त्या ओळीत एकच चेहरा शोधत होता. मालन. नाव तिनंच सांगितलं होतं, त्यानं विचारलं नव्हतं; नेमावरकडची, नर्मदाकाठची, पायी पायी देवासपर्यंत आलेली, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. त्यानं विचारलं होतं ते वेगळंच—"कौन पाती की?" इथल्या माणसाच्या तोंडात हा प्रश्न जन्मापासून असतो. गाव एक, राज्यं दोन; एकाच घराण्याच्या दोन पाती, म्हणजे दोन शाखा. रस्त्याच्या अलीकडची घरं थोरल्या पातीची, पलीकडची धाकट्या पातीची, आणि आम्ही शहाणे लोक पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याची बाजू विचारून घेतो... दरबारच्या हुकमात असं काहीच नव्हतं. जो भुकेला येईल त्याला वाढावं, एवढाच हुकूम. पण गर्दीत गोंधळ नको म्हणून चिंतामणीनं स्वतःच्या अकलेनं हा प्रश्न सुरू केला, आणि ओळ खरोखर सुतासारखी सरळ झाली. त्याचा त्याला अभिमानही वाटला होता, खोटं कशाला बोला.

पाती म्हणजे काय ते तिला कळलं नाही. मग रात्री कुठं निजतेस, असं त्यानं फोड करून विचारलं, तेव्हा तिनं रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. तर मग तिकडच्या छत्रावर जा, तो म्हणाला. हंड्यात कण्या होत्या... अर्धा हंडा होता. तिनं वाद घातला नाही, मुलीला कडेवर वर सरकवलं आणि रस्ता ओलांडला. तिकडची पंगत उठून चूल विझली होती. ती परत आली तोवर इकडचाही हंडा धुऊन पालथा घातला होता, आणि पोर तिच्या खांद्यावर मान टाकून—निजली आहे, असं त्यानं तेव्हा मानलं. तसं मानणं सोयीचं होतं. घरी जाऊन तो जेवला. उमाबाईनं, त्याच्या बायकोनं, दुसऱ्यांदा भात वाढला तेव्हाही त्यानं नको म्हटलं नाही.

"चिंतामणराव," मागून जगदेवराव म्हणाले. छत्रांची देखरेख त्यांच्याकडे होती. दिवसातून एकदा घोड्यावरून चक्कर मारून जात. "कुठं कुठं कोठारं फुटली, दगड पडले, कानावर येतं रोज. तुमच्या छत्रावर मात्र ब्र नाही. शांतता कशी राखावी ते तुमच्याकडून शिकावं. वर कळवणार आहे मी."

"जी," चिंतामणी म्हणाला.

शांतता... भरल्या पोटाचा माणूस गप्प असतो तो कसा—झाडाखाली आडवा होतो, चिलीम ओढतो, शेजाऱ्याशी उगाच कुरबुर काढतो आणि संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर जाऊन बसतो. ही माणसं भांडतसुद्धा नव्हती. उद्याचा दिवस आपला आहे असं वाटलं तर माणूस भांडेल. आणि याला मी बंदोबस्त म्हणत होतो. मीच यांच्या मनात भीती घातली, तिची ओळ लावली आणि वर शाबासकीही घेतली. जगदेवरावांना हे सांगावं असं त्याच्या फार मनात आलं, पण तोवर घोडा वळला होता.

त्यानं ओगराळं हंड्यात बुडवलं, मान वर केली, आणि ती समोर होती. कडेवर कुणी नव्हतं. डावा हात मात्र अजून तसाच, कमरेपाशी वाकवून धरलेला.

"इनी आडी की हूँ, भिया," ती घाईघाईनं म्हणाली. या बाजूची आहे. "रात को इनी आडी सोई."

"छोरी?"

"नी री."

राहिली नाही, एवढंच सांगून तिनं द्रोण पुढं केला. तिनं शिव्या घालाव्यात, तळतळाट द्यावा, सगळ्या ओळीला ओरडून सांगावं की यानं अर्धा हंडा असताना मला हाकललं... त्यानं तिच्या डोळ्यांत राग शोधून पाहिला. तिथं काळजी होती फक्त—हा पुन्हा रस्ता ओलांडायला लावतो की काय, याची. त्यानं द्रोण भरला, भरतच राहिला. गरम कण्या तिच्या बोटांवरून ओघळल्या. खाली बसून ती सांडलेलं वेचू लागली, आणि वेचतानाही डावा हात तिनं खाली सोडला नाही.

त्यानं तिला काहीतरी म्हणायला हवं होतं. काय म्हणायचं? माझं चुकलं—हे कुणाच्या पानात वाढता येतं?

"म्हूँ बी इनी आडी को," तिच्यामागचा म्हातारा म्हणाला.

त्यानं विचारलं नव्हतं. आज एकालाही विचारलं नव्हतं. म्हाताऱ्यामागची बाई तर अजून हंड्यापाशी पोचलीही नव्हती, तरी लांबूनच अलीकडच्या बाजूला हात दाखवत होती. आणि तिच्यामागचे लोक ओठ हलवून तेच शब्द घोकत होते. सांगू नका, मला काही सांगू नका, असं त्याला म्हणायचं होतं. तो वाढत राहिला. प्रत्येक द्रोणाआधी ती बाजू यायची, हळू, अजिजीनं. एकानं तरी ती सांगू नये, एकानं तरी हातातला द्रोण माझ्या तोंडावर फेकावा, याची चिंतामणी आता वाट पाहू लागला, आणि ओळ मुकाट्यानं पुढं सरकत होती.