माझा पितळी स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना डीसी-डीसी कन्व्हर्टर आहे, काडेपेटीएवढा. सध्या मोडक्या चार्जरांच्या डब्यात पडून आहे. नाव ऐकून दचकू नका. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, तिला डीसी म्हणतात. तिचा दाब, म्हणजे व्होल्ट, हवे तेवढे करून देणे हे आमच्या घराण्याचे काम.

मी बक, दाब उतरवणारा. माझा भाऊ बूस्ट दाब चढवतो. पण फुकट काही मिळत नाही, व्होल्ट वाढले की करंट घटतो. तिसरा बक-बूस्ट, तो दोन्ही डगरींवर हात ठेवून असतो. माझ्यातला स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो, कॉइल वीज साठवून पुढे ढकलते आणि कपॅसिटर तिची धार सलग करतो. जादा दाब मी नुसता उष्णतेत जाळत नाही, याचा मला फार गर्व होता.

माझ्या डोक्यावर एक पितळी स्क्रू आहे. तो फिरवला की बाहेर येणारे व्होल्ट बदलतात. माझे सगळे वाटोळे त्या स्क्रूने केले.

एका घरातल्या सुनेने अंडी उबवायची पेटी घेतली होती. वीज गेली की ती पेटी चोवीस व्होल्टच्या बॅटरीला माझ्यामार्फत जोडायची. पेटीला बाराच व्होल्ट चालत. तिने मीटर लावून, जीभ दातांत धरून माझा स्क्रू बरोबर बारावर आणला आणि मला खिळ्याला टांगले. "गुणाचा आहे हो हा," असे ती सासूबाईंना सांगायची. मला किती बरे वाटायचे!

एकदा ती बाजारात गेली असताना तिच्या धाकट्या दिराने मला काढले. त्याला गच्चीवर स्पीकर वाजवायचा होता. त्याने स्क्रू एकोणीसवर नेला, मनसोक्त गाणी ऐकली आणि मला तसेच खिळ्याला अडकवले.

पिल्ले बाहेर पडायला एक दिवस उरला असताना वीज गेली. सुनेने घाईने मला जोडले. पेटीतून जळका वास आला आणि ती बंद पडली. बिचारीने अंडी गोधडीत गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, पोटाशी धरून बसली. एका अंड्यातून टोचल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"तुलाच नसती हौस," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, स्वस्तातला माल असाच दगा देतो," दीर म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने मला या डब्यात टाकले. मला तोंड असते तर!

मित्रांनो, दुसऱ्याने नीट लावून ठेवलेली वस्तू फिरवलीत, तर पुन्हा होती तशी करा. विसरलात, तर निदान बोला. बिघडलेली पेटी दुरुस्त होते हो.

पुढे दिरानेच नवा कन्व्हर्टर आणला. मीटर लावून बारा व्होल्ट केले आणि स्क्रूवर गोंदाचा थेंब सोडला. "आता याला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. सासूबाईंनी त्याच्या डोक्याचे तोंडभर कौतुक केले. सूनही म्हणाली, "भावजी, तुम्ही आहात म्हणून बरं."

गोंद लावायचे त्यालाच कसे सुचले, हे कुणीच विचारले नाही.