मुका पोळा

देश स्वतंत्र झाला, धुळ्याकडच्या बोरखेड्याला दवाखाना मिळाला आणि दवाखान्याला डॉक्टर मिळाला, एकच. दुसरा येणार, येणार म्हणता म्हणता बरेच पावसाळे गेले. दुसरा काही आला नाही. आजूबाजूच्या सगळ्या गावांचा हिवताप, हगवण, अडलेली बाळंतपणं, विंचू, साप, सगळं एकट्या रतिलाल डॉक्टरांच्या गळ्यात. माणूस मूळचा जळगावचा, हसरा, गप्पिष्ट. पण जू दोघांचं आणि ओढणारा एक, मग तो तरी किती ओढणार?

त्या वर्षी पटकीची साथ आली. रस्त्यात गुडघाभर चिखल, त्यामुळे पेशंट यायचा तो बैलगाडीतून. आधी बैलांच्या घुंगरमाळा ऐकू यायच्या, मग रडारड. माळ वाजली की डॉक्टर उठायचे. तोंडातला घास तोंडात, अंगावरचा साबण अंगावर. साथ ओसरली. माळा मात्र वाजतच राहिल्या. डॉक्टर धावत ओट्यावर जायचे आणि बघतात तर रस्ता मोकळा, एक कुत्रं तेवढं त्यांच्याकडे बघत बसलेलं. पुन्हा आडवे झाले की पुन्हा छुमछुम.

"तुला ऐकू आली का गं?" ते बायकोला विचारायचे.

"नाही हो," वच्छलाबाई म्हणायच्या, आणि डॉक्टर पुन्हा एकदा ओट्यावर जाऊन रस्ता बघून यायचे.

मग एके दिवशी त्यांनी इंजेक्शन भरलं आणि कोणाला द्यायचं तेच आठवेना. पेशंट समोर दंड उघडा करून बसलेला! त्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "माझं डोकं ठिकाणावर नाही. असल्या डोक्याच्या हातात लोकांनी जीव कसा द्यायचा? पोळा होऊ दे, आपण गाव सोडू."

 वच्छलाबाई घागर घेऊन विहिरीवर गेल्या.

पोळ्याच्या दिवशी डॉक्टर पुरणपोळी खाऊन कलंडले. माळ वाजायची वाट बघत पडले, आणि नवल असं की वाजली नाही. दवाखान्यापुढं चिटपाखरूसुद्धा बोलेना. कधी डोळा लागला, कळलं नाही. मेल्यासारखे झोपले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. खिडकीतून बघतात तर पोळा निघालेला! पुढं तोताराम पाटलांचा मानाचा पांढरा बैल, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. मागं बैलांची रांग, शिंगं हिंगुळानं रंगवलेली. ढोलवाले गळ्यात ढोल अडकवून चाललेले, पोरंसोरं नवे सदरे घालून चाललेली. आणि आवाज? कसलाच नाही. पोळ्याला कान किटतात एवढा गलका असतो, आणि हा अख्खा गाव पाण्यावरून चालल्यासारखा निघाला होता.

 नसलेलं ऐकू येत होतं, आता असलेलंही ऐकू येईना. संपलं, त्यांना वाटलं, आता मी पुरता गेलो.

त्यांनी भीत भीत टाळी वाजवली. टाळी ऐकू आली.

मग त्यांनी पुन्हा नीट पाहिलं. एकाही बैलाच्या गळ्यात माळ नव्हती. पोळ्याला! नवरदेव बिनबाशिंगाचा बोहल्यावर चढेल, पण बोरखेड्याचा बैल पोळ्याला बिनमाळेचा निघायचा नाही.  डॉक्टर अनवाणीच बाहेर धावले.

ओट्यावर पाटलीण धुरपदाबाई काठी घेऊन राखणीला बसली होती. समोर लिंबाखाली परगावच्या गाड्या सुटलेल्या. त्यांच्याही बैलांचे गळे मोकळे.

"अक्का, हे काय आहे?"

"वच्छलाबाईनी सांगं माले, तुमले माळा ऐकू येतस," धुरपदाबाई म्हणाली. "काही जन म्हनेत, डाक्टरले भायेरनं लागनं, भगत बलावा. मी म्हनं, भायेरनं काही नही. आपनच भूत व्हईसन लागेल शेतस त्यास्ले."

"आणि हे पेशंट?"

"बसेल शेतस. मरनारं कोनी ऱ्हातं तं तुमले उठाडतू."

घोंगडीत कुडकुडणारी एक म्हातारी गाडीतून म्हणाली, "झोप व्हयनी का, भाऊ?" ताप तिच्या डोळ्यांत दिसत होता, आणि विचारत होती ती डॉक्टरांची झोप.  एवढं मोठं काही आपल्यासाठी कोणी करू शकतं, हे डॉक्टरांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तोवर मिरवणूक थांबली होती. तोताराम पाटील पुढं आले. "बैल वरीसभर राबस, तं त्याना एक दिन पोळा ऱ्हास. तुमना आम्ही कधीच नही करा, डाक्टर." मग जरा घुटमळून म्हणाले, "तोरण तोडानं बाकी शे. आते वाजाडू का?"

माळा समोरच मारुतीच्या पारावर ढीग घालून ठेवल्या होत्या. डॉक्टरांनी त्यातली एक उचलली आणि घुंगरं मुठीत गच्च धरून पांढऱ्या बैलाच्या गळ्यात बांधली. गाठ दोनदा सुटली. मूठ सोडली. बैलानं मान झटकली.

छुम्.

डॉक्टर जागच्या जागी थिजले. हळूच मागं वळले. बायको गर्दीत होती.

"तुला... ऐकू आली का गं?"

वच्छलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "आली हो," त्या म्हणाल्या. "आली."

"माले बी ऐकू उनी!" पाटील म्हणाले. "उनी, उनी!" धुरपदाबाई ओट्यावरून ओरडली. मग सगळं गाव, बाया, पोरं, परगावचे गाडीवान, सगळे एकदम ओरडले, "उनी, डाक्टर, आमले बी उनी!"

डॉक्टर बैलाच्या मानेला मिठी मारून रडले. मग डोळे पुसून लिंबाखाली गेले आणि त्यांनी म्हातारीची नाडी धरली. मागं ढोल वाजायला लागले होते, आणि त्यांचा हात स्थिर होता.